शमलेलं वादळ आणि फुटलेलं जहाज : वाडीच्या प्रार्थनेत ‘देवाचं सामर्थ्य’ हा विषय कसा घ्यावा

‘देवाचं सामर्थ्य’ हा विषय वाट्याला आला की प्रार्थना चालवणाऱ्याचा हात आपोआप मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायावर जातो. येशू होडीत झोपलेला, वादळ उठतं, शिष्य त्याला हलवून जागं करतात, तो वाऱ्याला दटावतो आणि दर्या निपचित पडतो. पंधरा मिनिटांत पाठ संपतो, गाणं होतं, चहा येतो. पण अर्नाळा असो, पाचूबंदर असो, कोर्लई असो की वेंगुर्ला, त्याच पडवीत भिंतीला टेकून एखादी बाई बसलेली असते जिच्या घरचा माणूस दर्यावरून परत आलेला नाही. नोव्हेंबर २००९चं ‘फयान’ वादळ अजून कुणी विसरलेलं नाही. तिनं या पाठातून काय घ्यायचं? त्या रात्री येशू झोपूनच राहिला, असं?

म्हणून हा पाठ एका होडीवर उभा करू नका. दोन घ्या. पहिली मार्क ४:३५–४१ मधली, जिथं वादळ थांबतं. दुसरी प्रेषितांची कृत्ये २७ मधली, जिथं वादळ थांबत नाही, जहाज फुटतं आणि तरी माणसं किनाऱ्याला लागतात. ख्रिस्ती श्रद्धा देवाला सर्वसमर्थ म्हणते ती या दोन्ही प्रसंगांत. एकच शिकवला तर अर्धी श्रद्धा शिकवली जाते, आणि ती अर्धी पहिल्याच अपघातात बुडते.

वेळ, जागा, सामान

जून-जुलैतली मासेमारी बंदी हा सगळ्यांत चांगला काळ. बोटी शाकारलेल्या असतात, तांडेल (बोट चालवणारे प्रमुख) आणि खलाशी घरी असतात. एरवी शनिवारी संध्याकाळी ठेवलेल्या प्रार्थनेला फक्त बायका आणि शाळकरी मुलं येतात, आणि दर्याचा पाठ दर्यावर जाणाऱ्यांशिवाय होतो. रोझरी आटोपून साडेसातला बसलं तर पावणेनऊपर्यंत उठता येतं. सव्वा तासापेक्षा जास्त नको. माणसं १२ ते २० असावीत. त्याहून जास्त झाली की मागचे गप्प बसतात किंवा आपसात बोलतात.

पत्र्याचं घर शक्यतो टाळा. आषाढातली सर पत्र्यावर कोसळली की वाचणाऱ्याचा शब्द दुसऱ्या रांगेलाही ऐकू येत नाही. कौलारू घराची पडवी उत्तम. वीज जाणार हे धरूनच चाला : दोन चार्जिंगचे दिवे आणि उतारे मोठ्या अक्षरात छापलेले कागद, दोघांत एक. मोबाइलवरचं बायबल ऐन वेळी दगा देतं, शिवाय प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये भाषांतर वेगळं. कॅथोलिक घरातलं आणि प्रोटेस्टंट घरातलं बायबल शब्दांत जुळत नाही. जुन्या कॅथोलिक प्रतींत बहुतेक स्तोत्रांचे क्रमांकही एकानं मागे असतात (१०७वं तिथं १०६वं). छापील कागद एकच असला की हा घोळ होत नाही.

आणखी एक वस्तू लागेल : सुंभाची दोरी, सुमारे ७० फूट. ती कशाला, ते पुढे येईल.

आधी शब्द नीट करा

हे काम तयारीत होतं, पाठात नाही. पण चालवणाऱ्याच्या डोक्यात ते स्वच्छ नसलं तर पुढचं सगळं गढूळ होतं.

नव्या करारात ग्रीकमध्ये दोन शब्द येतात. एक ‘दुनामिस’, म्हणजे सामर्थ्य, करून दाखवण्याची ताकद. दुसरा ‘एक्सूसिया’, म्हणजे अधिकार. तहसीलदाराच्या सहीला जे वजन असतं ते अधिकाराचं, मनगटाचं नव्हे. येशू वाऱ्याशी कुस्ती खेळत नाही, हुकूम करतो. सामर्थ्य आणि अधिकार तिथं एकत्र दिसतात.

मराठीत ‘शक्ती’ हा शब्द जपून वापरा. चुकीचा नाही, बायबलातही येतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ चटकन विजेसारखा होतो : बटण दाबलं की येणारी, तेल लावलं की उतरणारी, अमक्याच्या हाताला असलेली. ख्रिस्ती समजुतीत सामर्थ्य ही देवापासून सुटी करून बाटलीत भरता येणारी चीज नाही. ते त्याचं स्वतःचं वागणं आहे. ‘सामर्थ्य’ हा शब्द त्यामानानं सुरक्षित.

‘दुनामिस म्हणजे डायनामाइट’ हे वाक्य तर अजिबात नको. व्यासपीठावर ते फार चालतं, टाळ्याही मिळतात. पण डायनामाइट हे नाव आल्फ्रेड नोबेलनं १८६७ साली दिलं. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित पौल पहिल्या शतकातला. त्याच्या मनात सुरुंग असणं शक्य नाही. शब्द ग्रीकमधून डायनामाइटकडे गेला, उलट नव्हे. चिऱ्याच्या खाणीत सुरुंगाचा बार उडताना ज्यानं पाहिलाय त्याला विचारा, सुरुंग काय करतो : फोडतो. पौल रोमकरांस पत्र १:१६ मध्ये शुभवर्तमानाला देवाचं सामर्थ्य म्हणतो ते तारणासाठी, फोडण्यासाठी नाही.

तिसरा शब्द श्रद्धेच्या कबुलीतला, जो आपण तोंडपाठ म्हणतो : ‘सर्वसमर्थ पिता’. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २६८व्या परिच्छेदात एक बारकावा आहे : देवाच्या सगळ्या गुणांपैकी फक्त सर्वसमर्थता हाच एक गुण त्या कबुलीत नावानं येतो. प्रेमळ, न्यायी, ज्ञानी असे शब्द तिथं नाहीत. मात्र ‘सर्वसमर्थ’ला ‘पिता’ चिकटलेला आहे. दोन्ही शब्द एका श्वासात म्हणायला लावा.

पहिली होडी

१९८६ साली गालील सरोवराचं पाणी आटलं तेव्हा काठच्या चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक होडी सापडली. लांबी सुमारे २७ फूट, रुंदी साडेसात. आता ती सुंभाची दोरी काढा आणि अंगणात किंवा पडवीत त्या मापाची होडी आखा. घेर साधारण ६० फूट भरतो, बाकीची दोरी गाठींना. तेरा जणांना आत बसवा, एकाला मागच्या टोकाला आडवं करा. तो येशू. मार्क सांगतो की तो मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता, आणि उशीचा उल्लेख चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्ये आहे. मुलं हसतील, हसू द्या. तांडेल लोक मात्र लगेच हिशेब करतात : एवढ्याशा होडीत तेरा माणसं, म्हणजे पाण्याच्या वर फळी उरली किती? इथून पाठ त्यांचा होतो.

त्यांना सरोवराची माहिती द्या. २१ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त १३ रुंद, समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली, भोवती डोंगर. वरचा गार वारा उतारावरून खाली आला की तासाभरात पाणी उसळतं. शिष्यांपैकी किमान चौघे धंद्यानं कोळी होते. ते घाबरले म्हणजे घाबरण्यासारखंच होतं. ‘शिष्यांचा विश्वास कमी होता’ एवढ्यावर त्यांना निकालात काढू नका.

मग सात ओव्या वाचा. (वसईकडे ‘ओवी’, प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘वचन’. जिथं जे चालतं ते म्हणा.) वाचणारी व्यक्ती एकच असावी, आवाज खणखणीत, आणि वाचन दोनदा. पहिल्या वाचनानंतर दोन मिनिटं शांतता. घड्याळ लावा, कारण शांततेत चालवणाराच आधी चुळबुळतो आणि चाळीस सेकंदांत बोलू लागतो.

दुसऱ्या वाचनानंतर दोन गोष्टी दाखवा. येशू समुद्राला जो हुकूम देतो त्याचा ग्रीक शब्द ‘मुसकं बांधणे’ या अर्थाचा आहे. मळणीच्या बैलाला बांधतात तेच मुसकं. मार्क १:२५ मध्ये अशुद्ध आत्म्याला गप्प करतानाही हेच क्रियापद येतं. म्हणजे मार्कच्या लेखी हा हवामानाचा चमत्कार नाही, कुणाचं कुणावर चालतं याचा निकाल आहे. आणि दुसरी : ग्रीकमध्ये ‘मोठा’ हा शब्द तीनदा येतो. मोठं वादळ, मोठी निवांतता, मोठी भीती. तिसरा ‘मोठा’ वादळ शमल्यावरचा आहे. वाऱ्याला भ्यायले त्याहून ते शमवणाऱ्याला भ्यायले. ‘हा आहे तरी कोण?’ या प्रश्नावर उतारा संपतो, आणि तो प्रश्न तसाच ठेवून तुम्हीही थांबा. लगेच स्तोत्र १०७:२३–३० वाचायला द्या. तिथं खलाशी दारुड्यासारखे झोकांड्या खातात, देव वादळ शांत करतो आणि त्यांना हव्या त्या बंदराला नेतो. उत्तर कुणीतरी आपणहून देतं.

इथवर अर्धा तास. पुष्कळ जण इथंच थांबतात.

दुसरी होडी

प्रेषितांची कृत्ये २७. पौलाला कैदी म्हणून रोमला नेणाऱ्या जहाजाचा हा प्रसंग. अख्खा अध्याय ४४ ओव्यांचा आहे. ९–१२ आणि २०–४४ एवढंच वाचा, दोन वाचकांत वाटून. सहा मिनिटं लागतात. प्राचीन जगातल्या समुद्रप्रवासाचं इतकं नेमकं वर्णन क्वचितच सापडतं, आणि दर्यावर्दी माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. उलट तोच तुम्हाला समजावतो.

वाचताना तपशील मोजायला सांगा. जहाजावर २७६ माणसं. १४वी रात्र. बुडीद (खोली मोजायची वजन बांधलेली दोरी) टाकली तेव्हा आधी २० वाव पाणी, थोडं पुढे १५. इथं थांबून विचारा, ‘याचा अर्थ काय?’ किनाऱ्यावरचा कुठलाही पोर सांगेल : जमीन जवळ आली, खडक असणार. मग चार नांगर टाकले, तेही मागच्या बाजूनं. का? पुढून टाकले असते तर जहाज वाऱ्यावर गरकन फिरलं असतं. सांगाडा सुटू नये म्हणून आधीच जहाजाला खालून दोर आवळलेले होते (ओवी १७, वाचणार नसलात तरी सांगा).

आता मुद्दा. देवाचा दूत पौलाला सांगतो की कुणाचा जीव जाणार नाही. वचन मिळालं. तरी पुढे काय होतं? खलाशी छोटी होडी सोडून पळू पाहतात तेव्हा पौल कैद्यांवरच्या रोमी सुभेदाराला म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. वचन देवाचं, पण नांगर माणसांनीच टाकायचे, खलाशी जहाजावरच हवेत, पोटात अन्न हवं. पौल भाकर हातात घेतो, उपकार मानतो, मोडतो आणि खातो, मग सगळे खातात. उरलेला गहू समुद्रात टाकतात. पहाटे जहाज वाळूत रुततं, मागचा भाग लाटांनी मोडतो. पोहता येणारे आधी उड्या टाकतात, बाकीचे फळ्यांवर. सगळे माल्टाच्या किनाऱ्याला.

वारा एकदाही थांबलेला नाही. मुसकं बांधलं गेलं नाही. तरी कृत्ये लिहिणारा लूक हे देवाच्या सामर्थ्याचंच वर्णन म्हणून लिहितो.

आणि मागे जाऊन ओवी ९–१२ कडे बोट दाखवा. हंगाम टळून गेला होता. पौलानं आधीच बजावलं होतं की आता निघू नका. सुभेदारानं मालकाचं आणि तांडेलाचं ऐकलं. (पौलाचा अनुभव दांडगा होता. २ करिंथ ११:२५ मध्ये तो लिहितो की आपलं तारू तीनदा फुटलं, एक रात्र-दिवस खोल पाण्यात काढला. ते पत्र या प्रवासाच्या आधीचं. म्हणजे ही चौथी खेप.) याचा सरळ उपयोग करा : हवामान खात्याचा इशारा आलेला असताना ‘देव बघून घेईल’ म्हणून बोट सोडणं हा विश्वास नव्हे. मत्तय ४:५–७ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन हेच सुचवतो : उडी टाक, देवदूत झेलतील. येशू नकार देतो. लाइफ जॅकेट आणि वायरलेस यांचा उल्लेख प्रार्थनेत करायला लाजू नका.

जे परत आले नाहीत त्यांचं काय

हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी तो पडवीत बसलेला असतोच. दुसऱ्या होडीतलेसुद्धा सगळे वाचले, असं मनातल्या मनात म्हटलं जातं. म्हणून पाच मिनिटं राखून ठेवा आणि कृत्ये १२ उघडा. ओवी २ : याकोबाला हेरोद तलवारीनं मारतो. ओवी ७–११ : पेत्राला दूत तुरुंगातून सोडवतो. एकच अध्याय, एकच मंडळी, दोघेही येशूच्या जवळचे. याकोबाचा विश्वास कमी पडला असं लूक म्हणत नाही. कारणच देत नाही. तुम्हीही देऊ नका.

इथं होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ‘देवाला तो जास्त आवडला.’ ‘काहीतरी पाप असेल.’ ‘तुम्ही प्रार्थनेत कमी पडलात.’ यातलं तिसरं सर्वांत क्रूर, आणि तेच सर्वांत जास्त ऐकू येतं. कुणी असं बोललंच तर ताबडतोब, पण आवाज न चढवता थांबवा. त्याऐवजी गेथशेमाने बागेतली प्रार्थना आठवून द्या. हा प्याला टळो, असं येशूनंही मागितलं आणि तो टळला नाही. ख्रिस्ती श्रद्धेत देवाच्या सामर्थ्याची सर्वांत मोठी जागा ती आहे : क्रूसावर हरल्यासारखा दिसणारा आणि तिसऱ्या दिवशी उठलेला. पौल १ करिंथ १:१८–२५ मध्ये याच क्रूसाला देवाचं सामर्थ्य म्हणतो, आणि २ करिंथ १२:९ मध्ये ते अशक्तपणात पूर्ण होतं असं लिहितो, तेही स्वतःच्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवल्यावर, आणि काटा न निघाल्यावर. वाचा, दोन वाक्यं बोला, गप्प बसा.

हटकून येणारे प्रश्न

कॉलेजातला एखादा मुलगा विचारतोच : देवाला स्वतःला न उचलता येणारा दगड घडवता येतो का? हसण्यावारी नेऊ नका. ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसनं तेराव्या शतकात याच जातीच्या प्रश्नाला उत्तर दिलंय. ‘चौकोनी वर्तुळ’ ही वस्तूच नाही, नुसते एकमेकांना खोडणारे दोन शब्द आहेत. ते करता न येणं ही उणीव नव्हे. बायबलही देवाला न करता येणाऱ्या गोष्टी सांगतं : तो खोटं बोलू शकत नाही (तीत १:२), स्वतःला नाकारू शकत नाही (२ तीमथ्य २:१३). सर्वसमर्थ म्हणजे लहरी नव्हे.

दुसरा प्रश्न सापाचा, आणि पावसाळ्यात तो गमतीचा नसतो. माल्टावर पौलाच्या हाताला साप डसतो आणि त्याला काही होत नाही (कृत्ये २८:३–६), शिवाय मार्क १६:१८ आहेच. उत्तर स्पष्ट द्या. लूक घडलेलं सांगतो, तसं करा असं सांगत नाही. मार्क १६:९–२० हा भाग सीनाय आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. साप चावला की रुग्णालय, तेही लगेच, प्रार्थना गाडीत. सर्पदंशावरचा औषधोपचार रोखून मंत्रतंत्र करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. याकोब ५:१४ मध्ये आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं आहे, डॉक्टर टाळावा असं नाही. कॅथोलिक बायबलातल्या बेन सिराच्या ग्रंथाचा अध्याय ३८ तर वैद्याचा मान राखायला सांगतो.

‘मासळी भरपूर मिळावी म्हणून नवस बोलला तर?’ प्रार्थना जरूर करा, सौदा नको. लूक ५ मध्ये जाळी फाटायला आली, होड्या बुडू लागल्या, आणि मग शिमोन काय करतो? मासळी बाजारात नेत नाही. सगळं सोडून निघतो. हा उतारा धंद्याच्या बरकतीसाठी वापरणारा शेवटची ओवी वाचतच नाही.

आणि एखादा म्हातारा प्रकटीकरण २१:१ काढून दाखवतो : नव्या पृथ्वीवर समुद्रच नाही! मग आम्ही करायचं काय? प्रश्न रास्त आहे. बायबलात समुद्र पुष्कळदा अंदाधुंदीचं, गिळून टाकणाऱ्या गोष्टीचं चिन्ह असतो. ईयोब ३८:८–११ मध्ये देव त्याला दारं लावून ‘इथवरच’ असं बजावतो. नाहीसं होतं ते गिळणं. बांगडा-सुरमईबद्दल तिथं काही म्हटलेलं नाही.

शेजारचं बिगरख्रिस्ती कुणी येऊन बसलं असेल तर चांगलंच. मात्र ‘तुमच्या देवापेक्षा आमचा’ हा सूर लागला की पाठ तिथंच संपतो. पौलानं त्या जहाजावर २७५ जणांना आधी जेवायला बसवलं. त्यांतले बहुतेक त्याच्या श्रद्धेचे नव्हते.

शेवटची दहा मिनिटं

विनंत्या मोकळ्या सोडल्या की एकच माणूस बारा मिनिटं बोलतो. प्रत्येकानं एक वाक्य, एवढाच नियम. सुरुवात दोरीच्या होडीतून करा : प्रत्येकजण आत पाय ठेवून एका माणसाचं किंवा एका बोटीचं नाव घेतो, बाहेर येतो. न परतलेल्यांची नावं वेगळी, शेवटी, आणि ती त्यांच्या घरच्यांनीच घ्यायची. घ्यायची नसतील तर आग्रह नाही. मग ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश, आणि एक गीत. नवीन शिकवायला घेऊ नका, सगळ्यांना येणारं घ्या.

चहा झाल्यावर दोरी गुंडाळायला पोरांना लावा. चालवणाऱ्यानं ते काम स्वतः करत बसू नये. त्या वेळात भिंतीला टेकून बसलेल्या बाईजवळ जाऊन बसायचं असतं.